फणसाडला काय दिसतं?

पेण-रोह्याकडची ऐपत असलेली मंडळी हल्ली केनियाला, मसाई माराला जाऊन येतात. त्यांच्यापुढे फणसाड अभयारण्याचं नाव काढलं की प्रश्न ठरलेला: तिथं दिसतं काय? प्रश्न साधा आहे, पण मला तो अन्यायाचा वाटतो. मारा सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचं, त्याला लागून असलेलं सेरेंगेटी साडेचौदा हजारांहून मोठं. त्या उघड्या गवताळ माळावर दहा-बारा लाख विल्डबीस्ट पावसाच्या मागं फिरतात आणि त्यांच्या मागं सिंह. तिथं प्राणी न दिसणंच अवघड. मुरुड आणि रोहा तालुक्यांतलं फणसाड शंभर चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही, आणि या किनाऱ्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पाण्यावर माळ राहत नाही, रान माजतं: ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी आणि त्यांच्या अंगाखांद्यावर चढलेली गारंबी. भेकर वीस पावलांवर उभं असलं तरी ते पानांआडच. इथला प्राणी लपून जगतो. तो दिसला नाही म्हणून रान रिकामं, हा हिशेब माळावरचा झाला.

तंबूतल्या मुक्कामाचंही तसंच. माराच्या तंबूत पलंग-पांघरूण असतं, पण रात्री जेवणाच्या जागेपासून झोपायच्या जागेपर्यंत राखणदाराशिवाय जाता येत नाही, आणि दिवसा रान बघायचं ते बहुतेक गाडीत बसून. रानाच्या कडेच्या सुपेगावला तंबूत राहून फणसाड बघायचं ते पायी, गावातल्याच वाटाड्याबरोबर. चालण्याच्या वेगामुळं ज्या गोष्टी हाती लागतात त्या गाडीतून लागत नाहीत. शेकरू आधी ऐकू येतो. वरून सालीचे, फळांचे तुकडे टपटप पडायला लागतात, मग मान वर केली की काटक्या-पानांचा गोल खोपा दिसतो, आणि थोड्या अंतरावर तसाच दुसरा, कारण एक शेकरू एकाच खोप्यावर भागवत नाही. गारंबीची शेंग हात-दीड हात लांब, कधी त्याहूनही मोठी. आतली बी तळहातावर मावेल एवढी, तपकिरी आणि घासून चकाकी आणल्यासारखी गुळगुळीत. ती ओढ्यानं समुद्राला मिळते आणि महिनोन् महिने तरंगते. हीच वेल आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही आहे. रानातल्या पाणवठ्यांना इथं गाण म्हणतात. उन्हाळ्यात सगळ्यांनाच तिथं यावं लागतं, म्हणून गाणाच्या काठचा चिखल वाचता आला तर रात्री कोण येऊन गेलं ते सकाळी कळतं. (गवतातून गेलात तर गोचिडीही कळतात, हे सांगून ठेवलेलं बरं.)

यावर कुणी म्हणेल, ही नाइलाजाची महती झाली. प्राणीच उरले नाहीत म्हणून खुरांचे ठसे गोड मानायचे. यात तथ्य आहे, ते झटकून टाकता येणार नाही. जंजिऱ्याचे नवाब सिद्दी, म्हणजे मुळात आफ्रिकेतून आलेल्या हबशांचे वंशज. त्यांनी शिकारीसाठी राखलेलं हे रान. संस्थान 1948 मध्ये विलीन झालं आणि अभयारण्य व्हायला 1986 उजाडलं. मधल्या काळात काय तुटलं असेल त्याची कल्पना करता येते. आज इथं वाघ नाही. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराबरोबर गिधाडांच्या पोटात गेलं आणि देशभर गिधाडं संपत आली. त्या औषधावर 2006 मध्ये बंदी आली तोवर कोकणातलीही खूप गेली होती. पण जे गेलं ते ‘दिसण्या’च्या मागणीनं परत येत नाही. उलट ती मागणी मान्य केली की आत रस्ता हवा, जिपा हव्यात, झाडोरा छाटायला हवा. माराला नदी ओलांडणाऱ्या कळपांच्या वाटेत गाड्यांची एवढी दाटी होते की जनावरं काठावरून माघारी फिरतात. तिथं निदान माळ अफाट आहे. फणसाडात एक रुंद रस्ता गेला की शेकरूची फांदीवरून फांदीवर जायची वाट तुटली.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. लोक आले नाहीत तर रानाच्या कडेच्या गावांनी राखणीचा भार फुकट का सोसायचा? लाकूडतोड बंद, चराई बंद, शेतात रानडुकरं. आणि जवळच्या काशीदच्या किनाऱ्यावरची शनिवार-रविवारची गर्दी गावात दोन रुपये टाकायलाही फिरकत नाही. इथं मात्र आफ्रिकेकडून शिकण्यासारखं आहे. माराभोवतीच्या जमिनी मसाई कुटुंबांच्या. ती त्या भाड्यानं देतात, आणि किती जमिनीमागं किती तंबू हे आधीच ठरवून घेतात. तंबू कमी, म्हणून दर चढा, आणि भाडं जमीनमालकाला. सुपेगावात जेवण, वाटाड्या आणि मुक्काम गावाकडेच राहिला तर थोड्या पाहुण्यांवरही भागू शकेल; भाकरी, कालवण आणि रानाची माहिती यांचे पैसे मोजायला मुंबई-पुण्याचा माणूस कां-कू करत नाही, त्याला फक्त आधी सांगावं लागतं की बिबट्याची हमी नाही. तंबू वाढवायचा विचार असेलच, तर एप्रिलअखेर गाणांत किती पाणी उरतं ते आधी मोजून घ्यावं. पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणीही याच डोंगरातून यायचं आहे.