चूक बारीकच असते

समुद्राने माणूस गिळला, असे आपण सहज बोलून जातो. आम्हा मालवणकडच्या मुलांच्या तर ते तोंडातच बसले आहे. पण माझा दादा पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगसाठी पाण्याखाली नेतो, आणि त्याचे म्हणणे वेगळे आहे. "चूक बारीकच आसता, पाणी ती मोठी करता," असे तो सांगतो. तो खाली असतो तोवर आईचे मन होडीवर असते, म्हणून हे बोलणे आमच्या घरी नेहमीचेच.

उदाहरणच घ्या ना! पाठीवरच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह कुणी घाईत जेमतेम उघडला. होडीवर श्वास अगदी नीट येतो. जसजसे खाली जावे तसतशी श्वासाची हवा दाट होते आणि त्या अरुंद वाटेने ती पुरेनाशी होते. श्वास घेताना दाबमापकाचा काटा डुलतो का, एवढे पाहिले असते तर हे होडीवरच कळले असते!

मग माणूस घाबरतो आणि श्वास कोंडून वर झेपावतो. शाळेत पाठ केलेला बॉइलचा १६६२ सालचा नियम इथे जिवाशी येतो. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत कोंडलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटते, बुडबुडे रक्तात शिरतात. म्हणून श्वास कधी रोखायचा नाही आणि वर यायचे ते सावकाश.

या साखळीची कोणतीही कडी वेळीच तोडता येते. पाण्याखाली त्यासाठी खुणा आहेत. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. पंजा आडवा धरून हलवला की 'काहीतरी बिघडले आहे'. कान दुखला, श्वास जड झाला, तर तेवढा हात हलवायचा. पण भली शिकलेली माणसेही तो हलवत नाहीत, असे दादा सांगतो. लाजतात!

ही लाज आपल्या वर्गातही बसलेली असते. ज्यांच्या घरातून प्रथमच कुणी कॉलेजची पायरी चढले, त्यांना 'सर, समजले नाही' म्हणून हात वर करणे किती अवघड जाते! इथे फार तर एखादा विषय मागे राहतो, तो पुन्हा देता येतो. दादाच्या वर्गात मात्र ती सवलत नाही.