वाळूखालचं बीड

दुबई, 11 जून 2023
किनाऱ्यालगतच्या या पट्ट्यात चर थोडा खोल नेला की तळाला ओल लागते. पाणी आहे, पण मिठाने तट्ट भरलेलं. या खारवट जमिनीला इथे सबखा म्हणतात आणि ती लोखंड खाते. जुन्या करड्या बिडाचं दुखणं वरून कळत नाही. लोखंड झिजून जातं, ग्राफाइटचा सांगाडा तेवढा उरतो. पाइप अखंड दिसतो, पण सुरीने खरवडला की पेन्सिलीच्या शिशासारखा सुटतो. वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घालून डक्टाइल पाइप आले, तेव्हा ठिसूळपणा गेला. गंज मात्र राहिला. म्हणून त्यावर जस्ताचा लेप, आणि अशा जमिनीत वरून पॉलिथिनची बाही.

आज पाइप उतरवताना एक बाही साखळीने फाटली. फोरमन म्हणाले, "साहेब, खालच्या अंगाला आहे, कोण बघतंय?" खालच्या अंगालाच ओल असते. पाइप पुन्हा उचलायला लावला, फाटलेल्या जागी टेप मारून घेतली, आणि साखळीऐवजी कापडी पट्टे मागवले.

13 जून
दिवसभर शमाल वारा. सॉकेटच्या खोबणीत वाळू, वंगणावर वाळू. रबरी रिंगखाली चिमूटभर जरी राहिली तरी जोड पाझरतो. रिंगा सावलीत झाकून ठेवायच्या, खोबणी पुसल्यावरच बसवायच्या, स्पिगॉटवरची, म्हणजे पाइपाच्या आत शिरणाऱ्या टोकावरची, पांढरी खूण सॉकेटपाशी येईपर्यंत पाइप सरळ रेटायचा. मग पातळ पट्टी सांध्यात घालून सगळीकडून फिरवायची, रिंग कुठे सरकली असेल तर तिथे पट्टी जास्त आत जाते. हे काम घाईचं नाही. वारा पडेपर्यंत जोडणी थांबवली.

15 जून
आजपासून 15 सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद, सरकारी नियमच आहे. मला विचाराल तर बाराच्या आधीच थांबायला हवं. चरात वारा लागत नाही आणि तापलेल्या पाइपाला हात लावणारा माणूस बिहारचा असो की पेशावरचा, त्याची कातडी तीच असते.

19 जून
दाबाची टेस्ट. काल सखल टोकाकडून सावकाश पाणी भरलं, उंचावरच्या एअर व्हॉल्व्हमधून हवा जाऊ दिली. पाइपाच्या आतला सिमेंटचा थर पाणी पितो, म्हणून लाइन कालपासून भरून ठेवली होती. दाब पहाटेच चढवला. ऊन आलं की पाणी तापून दाब आपोआप वाढतो आणि बारीक गळती त्यात लपते. दाबमापकाचा काटा हळूहळू उतरू लागला. वळणावर पाइप रोखून धरणारे थ्रस्ट ब्लॉक जागचे हलले नव्हते, म्हणून एकेक उघडा जोड पाहत गेलो. व्हॉल्व्हच्या अलीकडचा ओला निघाला.

इथलं पिण्याचं पाणी समुद्रातून, इंधन जाळून काढतात. पाझरतं ते असं महागाचं पाणी. जोड उकलून नवी रिंग बसवली. उद्या पहाटे पुन्हा टेस्ट आहे. तोवर एकाही जोडावर वाळू लोटायला मी परवानगी दिलेली नाही.