तिसरा ऑक्टेट

पत्ता वाचला की यंत्र कुठं आहे ते कळलं पाहिजे, हा माझा जुना हट्ट. १०.१.३०.४७ म्हणजे मुख्य इमारत, तिसरा मजला. रात्री दोनला हॉस्पिटलमधून फोन येतो, "सर, नेट गेलंय." ड्यूटीवरचा मुलगा स्क्रीनवरचे आकडे वाचतो आणि मी अंथरुणातूनच सांगतो, "तिसऱ्या मजल्यावर जा, लिफ्टमागचा रॅक उघड." पलीकडून "सर, तुम्हाला कसं कळलं?" असं आलं की झोपमोडीचं काही वाटत नाही. एवढ्या एका प्रश्नाच्या ऐटीवर मी बरीच वर्षं काढली आहेत.

पण माणूस दहाच्या हिशेबात मोजतो आणि राउटर दोनाच्या. तिसऱ्या मजल्याला ३० ते ३९ दिले की शीट देखणी दिसते. फायरवॉलला मात्र "अख्खा तिसरा मजला" हे एका ओळीत सांगता येत नाही. ३० आणि ३१ ची एक ओळ, ३२ ते ३९ ची दुसरी. दुसऱ्या मजल्याच्या २० ते २९ ला तर तीन ओळी लागतात. त्यापेक्षा सोळासोळाचे तुकडे पाडावेत : तळमजला ० ते १५, पहिला १६ ते ३१, असं वर चढत जायचं. प्रत्येक मजला एका ओळीत बसतो, राउटर खूश. मग १०.१.५३ म्हणजे कितवा मजला? तिसराच. पण हे झोपेतून उठून कोण सांगणार? मी दोन्ही तऱ्हांनी नेटवर्कं उभी केली. पहिलीत नियमांची यादी फुगते, दुसरीत माझा तोरा जातो.

त्यात वाढीसाठी जागा राखायची असते. १९९१ च्या आरएफसी १२१९ मध्ये यावर एक सुंदर युक्ती आहे. सबनेटचे क्रमांक ओळीनं द्यायचेच नाहीत. ०, मग १२८, मग ६४, १९२, ३२, १६०... प्रत्येक नवा क्रमांक उरलेल्या मोठ्या मोकळ्या जागेच्या मधोमध पडतो, त्यामुळं ज्याला वाढायचंय त्याला शेजारी जागा मिळते. मी ती अनेकांना कौतुकानं समजावून सांगितली आणि स्वतः कधी वापरली नाही. पहिला मजला १२८ आणि दुसरा ६४ असली शीट माझ्या नावावर खपली नसती.

मी राखलेल्या जागेत कुणी वाढतही नाही. बिलिंगसाठी जागा सोडावी, तर तिथं वर्षानुवर्षं तीच चार टेबलं. इकडं अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेचा मॉनिटर नेटवर्कवर येतो, आणि कॅमेरे तर कुणी मोजलेलेच नसतात. विश्वस्त मंडळी विस्ताराचे रंगीत नकाशे दाखवतात. मी चहा पिऊन स्टोअरकीपरकडं जातो. पुढच्या वर्षी काय येणार हे त्याच्या खरेदीच्या फायलीत जास्त खरं सापडतं.

हॉस्पिटल हे सगळ्यांत हट्टी गिऱ्हाईक. सीटी स्कॅनच्या यंत्रात त्याचं स्वतःचं नाव आणि पत्ता पक्का बसवलेला असतो, चित्रं ज्या सर्व्हरला पाठवायची त्याचा पत्ता आणि पोर्टही. बदलायचा तर कंपनीचा इंजिनिअर यायला हवा, आणि तो फुकट येत नाही. त्यामुळं नवा आराखडा कितीही नेटका असो, कोपऱ्यात १९२.१६८.१ चा एक जुना वाडा शिल्लक राहतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ नं खाजगी पत्त्यांचे तीन मोठे पट्टे सगळ्यांना मोकळे ठेवले, आणि जग त्यातल्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं राहायला गेलं. ट्रस्टनं गावातलं निदान केंद्र विकत घेतलं की तिथंही १९२.१६८.१ च. जरा आडवाट म्हणून १७२.१७ घ्यावं, तर तिथं डॉकर आधीच पथारी पसरून बसलेला असतो.

हल्ली आराखडा करतोच कोण, हा वेगळाच प्रश्न. चाळीस यंत्रांच्या मजल्याला स्लॅश सोळा देऊन टाकणारे, म्हणजे पासष्ट हजार पत्ते आंदण देणारे, माझ्यापेक्षा महागडी गाडी चालवतात. दुसरे, क्लाउडवरच्या डॅशबोर्डनं जो पट्टा सुचवला तो "ओके" म्हणून पुढं जाणारे. त्यांच्यावर माझा फारसा राग नाही. राग आहे तो पत्त्यांची एक्सेल शीट आणि स्विचचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवून, गिऱ्हाइकाला जन्मभर आपल्याच फोनला बांधून ठेवणाऱ्यांवर. गुडघ्यामुळं मी शिडी सोडली, पण काम संपल्यावर शीट गिऱ्हाइकाच्या हातात देणं सोडलेलं नाही.

शिडीवर आता ती चढते. डिप्लोमा करून माझ्याकडं आली. फॉल्स सीलिंगमधून केबल ओढण्यात मी तिच्या वयातही इतका चपळ नव्हतो. या खेपेच्या हॉस्पिटलचा आयपी व्हर्जन सहाचा आराखडा तिनं मागून घेतला. ३ फेब्रुवारी २०११ ला जुन्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला, तरी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला "अजून वेळ आहे" म्हणत आलो. तोवर वॉर्डातल्या नातेवाइकांच्या खिशातले फोन सहावर पोचलेसुद्धा.

तिची शीट पाहिली. संस्थेला मिळणारा पट्टा स्लॅश अठ्ठेचाळीस. सबनेट स्लॅश चौसष्ट. मधले सोळा बिट आपले, म्हणजे सोळाच्या पद्धतीतले चार अंक. एक अंक म्हणजे नेमके चार बिट. डोळ्याला जिथं अंक संपताना दिसतो, तिथंच राउटरचीही हद्द पडते. तिसरा मजला ३ असाच वाचायचा, आणि अंकाच्या हद्दीवर पाडलेला कुठलाही तुकडा एका ओळीत बसतो.

"सर, यात अडचण काय होती?" तिनं विचारलं. खरंच विचारलं, खोचकपणा नव्हता.

ती संध्याकाळ मी त्या शीटमध्ये खोड काढण्यात घालवली. स्लॅश सत्तावीस म्हणजे तीस यंत्रं, हे मला पाढ्यासारखं पाठ. सगळं कौतुक काटकसरीचं. इथं एका सबनेटमध्ये दोनाचा चौसष्टावा घात इतके पत्ते, काटकसर कसली करणार? सोळाच्या वर मजले गेले तर, असंही मनात आलं. पण हॉस्पिटल तळघर धरून सात मजल्यांचं.

मग सापडलं. तिनं दुसरा अंक उपयोगाला दिला होता आणि तिसरा मजल्याला. "अगं, मजला आधी," मी म्हटलं. २०२० मध्ये साधे वॉर्ड रातोरात कोविडचे झाले, उपयोग बदलला, मजला जागचा हलला नाही. शिवाय मजला आधी असला की प्रत्येक मजल्याचा रूट एकच. ती म्हणाली, "सात मजल्यांचे रूट थोडे वाढले तर आजच्या स्विचला काय जड आहे? नियम हातानं लिहायचे असतात, चुका तिथं होतात. इमारतीतले सगळे कॅमेरे इंटरनेटपासून तोडायचे तर माझ्या क्रमात एक ओळ, तुमच्यात सात. आणि वॉर्डाचा आयसीयू झाला की पत्त्यानंही आयसीयूच सांगायला हवं ना?"

मी दोन दिवस उत्तर शोधलं. कागदावर माझीही बाजू पडती नव्हती, पण फायरवॉलचे नियम ती लिहिणार होती, मी नाही. क्रम तिचा राहिला. शीटच्या वरच्या कोपऱ्यात "आराखडा" या रकान्यात नेहमीप्रमाणं माझं नाव टाइप झालेलं होतं. ते मी काढलं नाही. तिचं घातलं, खाली.