झाडे मोजायला गेलेली मुलगी

आमच्या मुलीने बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची उन्हाळी सुट्टी जंगलात झाडे मोजण्यात घालवली, असे सांगितले की निम्मे नातेवाईक हसतात. "झाडे मोजायला इतक्या लांब कशाला? आपल्या गोंदिया जिल्ह्यात झाडे नाहीत काय?" हा प्रश्न तर ठरलेलाच. म्हणून ही हकीकत वाचक बंधू-भगिनींना नीट सांगावी, असे आम्हा उभयतांना वाटले.

बंगळूर, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. विद्यार्थ्याने दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम शिकायचे. तिच्या कॉलेजच्या सरांनी अर्ज भरायला लावला आणि निवड झाली. पेढे वाटले खरे, पण रात्री आम्हाला झोप नव्हती.

उन्हाळा ही आमच्यासारख्या घरांत सुट्टी नसते. तो तेंदूपानाचा हंगाम. पहाटे सगळे घर जंगलात, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. त्याच पैशात पुढच्या वर्षीची फी आणि वह्या. एक तरुण हात कमी झाला की हिशेब कोलमडतो. विद्यावेतन मिळणार होते म्हणूनच आम्ही तिला पाठवू शकलो. अनुभवाच्या नावाखाली मुलांना फुकट राबवणारी शिबिरेही असतात. ती ज्यांना परवडतात त्यांनी करावीत.

तिचे काम होते तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात. तिथे १९८८ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एक किलोमीटर लांब व अर्धा किलोमीटर रुंद, म्हणजे ५० हेक्टरचा तुकडा आखला. त्यातल्या एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोडाला क्रमांकाचा बिल्ला लावला. अशी खोडे २५ हजारांहून अधिक निघाली! तेव्हापासून कोणते झाड जगले, कोणते वणव्यात गेले, कोणते हत्तीने मोडले, याची नोंद ठेवली जाते. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर टेप धरून घेर घ्यायचा. टेप तिरका झाला की आकडा खोटा. हत्तींना आवडणारे किडिया नावाचे झाड तिथे झपाट्याने कमी झाले, हे अशाच कंटाळवाण्या मोजणीतून कळले.

हत्तींचे नाव ऐकून आमचा जीव टांगणीला लागला होता. एकदा चार दिवस तिचा फोन लागला नाही. आमची माय मात्र शांत. फोन लागल्यावर तिने नातीला पहिला प्रश्न केला, "धावडा हाय का तिकडं?" होता. साग होता, ऐन होता, बहावाही होता. मग रोज संध्याकाळी दोघींचे तेच बोलणे. कोणत्या झाडाची साल कशी सुटते, डिंक कधी येतो. माय शाळेत गेली नाही, पण नातीने वहीत एक रकाना तिच्या माहितीसाठी ठेवला. तिथल्या शास्त्रज्ञ बाईंनी तो पाहिला आणि आणखी लिही म्हणाल्या.

परत आल्यावर दोघींनी गावच्या रानात दोरीने दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखला. पोरगी तेंदूची रोपटी मोजत होती. मायने तिला थांबवले. "ही येगयेगळी नाहीत, एकाच मुळाचे फुटवे हायेत." तेंदू मुळांपासून फुटतो, हे पुस्तकातही आहे. पण कोणता फुटवा कोणत्या मुळाचा, हे मायने हाताने माती उकरून दाखवले. मोजणी पुन्हा पहिल्यापासून झाली. आता पावसाळ्यानंतर परत मोजणार आहेत.

ज्या पालकांना आपल्या मुलामुलींसाठी विचारायचे असेल त्यांनी दिवाळीच्या आसपास कॉलेजमध्ये चौकशी करावी, अर्ज साधारण तेव्हाच निघतात. प्राध्यापकांचे शिफारसपत्र लागते आणि आपल्याला काय शिकायचे आहे हे स्वतःच्या शब्दांत लिहावे लागते. आमच्या मुलीने त्यात तेंदूपानाविषयी लिहिले होते.