ठेका, सम आणि श्रोत्याचे मन

संगीत मनाला हलवते याविषयी दुमत नाही. ते कशाच्या बळावर हलवते, हे मात्र सांगता सांगता भल्याभल्यांची दमछाक होते. चित्रात वस्तू दिसते, कवितेतल्या शब्दाला अर्थ असतो, पण नुसत्या आलापात, म्हणजे शब्दांचा आधार न घेता केलेल्या स्वरविस्तारात, बोट दाखवावे असे काहीच नसते आणि तरीही ऐकणाऱ्याचा कंठ दाटून येतो. 1854 मध्ये व्हिएन्नाचा समीक्षक एडुआर्ड हान्सलिक याने असे प्रतिपादन केले की, भावना हा संगीताचा आशय नव्हेच. गतिमान स्वराकृती हाच त्याचा आशय होय. आदल्या वर्षी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावू लागलेली आगगाडी त्याच 1854 साली कल्याणला पोहोचली, आणि पुढे या लोहमार्गावरच भजनाची अशी एक परंपरा रुजली की, जिच्यापुढे हान्सलिकचे म्हणणे अपुरे वाटते.

कल्याण, डोंबिवली, ठाण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमधील भजनी मंडळे सर्वांच्या परिचयाची आहेत. ठरलेली गाडी, ठरलेला डबा आणि ठरलेली मंडळी जमली की पिशवीतून टाळ निघतात, कोणी ढोलकी मांडीवर घेतो, ढोलकी नसेल त्या दिवशी डब्याचा पत्राच तिचे काम करतो, आणि बुवांनी उचललेला चरण सगळे एका आवाजात झेलतात. ठेका, म्हणजे ताल ज्या ठरावीक बोलांनी वाजवला जातो तो साचा, बहुधा आठ मात्रांच्या केरव्याचा असतो. तो इतका सोपा असतो की, दारात लोंबकळणाऱ्या अनोळखी प्रवाशाची बोटेही दांडीवर आपोआप चालू लागतात. चरण पुन्हा पुन्हा येतो, लय चढत जाते, गजराला टाळ दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात, वाजू लागतात, आणि वेगवेगळ्या कचेऱ्यांकडे निघालेल्या माणसांचे श्वास एकाच जागी थांबतात व एकाच जागी सुटतात. संस्कृत साहित्यशास्त्रात भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेली साधारणीकरणाची कल्पना येथे प्रत्यक्ष दिसते. कलेच्या अनुभवात भावना कोणा एकाची खासगी मालमत्ता राहत नाही, ती सर्वांची होते आणि म्हणूनच सोसण्याजोगी, किंबहुना आस्वाद्य होते, असा या कल्पनेचा आशय आहे. घराचा हप्ता आणि साहेबाची बोलणी गाडीतून उतरल्यावर असतातच, पण गजराच्या त्या काही मिनिटांत त्यांचे ओझे एकट्याच्या खांद्यावर नसते. याच सामर्थ्यामुळे मंडळांवर एक जबाबदारीही येते, कारण खच्चून भरलेल्या डब्यात रात्रपाळी करून परतणाऱ्याला या आवाजापासून दूर जाता येत नाही, आणि त्याची तक्रार रास्त मानली पाहिजे.

बैठकीतील ख्यालाची वाट निराळी आहे. ठाण्यात राहणारे पं. राम मराठे (1924–1989) ज्यांच्याकडे शिकले, त्या जगन्नाथबुवा पुरोहित यांनी जोग आणि चंद्रकंस या दोन रागांतून जोगकंस हा राग निर्माण केला. जोग रागात शुद्ध आणि कोमल असे दोन्ही गंधार असतात; शुद्ध गंधारावरून मध्यमाला स्पर्श करून कोमल गंधारावर येत षड्जाला मिळणारी त्याची खास संगती आहे. चंद्रकंसाच्या वरच्या अंगात कोमल धैवत आणि तार षड्जाकडे ओढ घेणारा शुद्ध निषाद असतो. ही दोन अंगे बुवांनी अशी सांधली की, वर व्याकूळपणे ताणला गेलेला स्वर खाली येता येता त्या दोन गंधारांमध्ये क्षणभर घुटमळतो, आणि त्या घुटमळण्यात आर्त असे काही ऐकू येते, जे मूळच्या दोन्ही रागांत वेगवेगळे ऐकून हाती लागत नाही. कल्पनाशक्ती हा शब्द कवींच्या संदर्भात सर्रास वापरला जातो. येथे ती शब्दांवाचून काम करते.

ही कल्पनाशक्ती श्रोत्याकडेही असावी लागते. तिलवाड्यासारख्या सोळा मात्रांच्या विलंबित, म्हणजे संथ तालात पहिली मात्रा ही सम, तिथे आवर्तन पूर्ण होते. नवव्या मात्रेवर खाली, तिथे ठेक्याचे वजन हलके होते. खाली गेली की जाणता श्रोता समेचा अंदाज बांधू लागतो आणि गायक मुखडा, म्हणजे बंदिशीचा समेकडे नेणारा आरंभीचा तुकडा, घेऊन समेवर आला की श्रोत्याची मान आपसूक डोलते. संगीतशास्त्रज्ञ लिओनार्ड मेयर याने 1956 मधील ग्रंथात सांगीतिक भावनेचे मूळ अशा अपेक्षेत आणि तिच्या लांबणीवर पडण्यात शोधले. हे विवेचन मोलाचे आहे, तरी ते पुरे पडत नाही, कारण दहाव्यांदा ऐकलेल्या बंदिशीची समही तितकाच आनंद देते. अपेक्षेच्या पलीकडे श्रोता मनातल्या मनात गात असतो, हे याचे खरे कारण म्हटले पाहिजे. लोकलमधला प्रवासी उघड गातो, बैठकीतला श्रोता आतून गातो. ऐकणाऱ्याला गाणारा करून सोडणे, हीच संगीताची शक्ती.

मात्र आतून गाण्यासाठी स्वरांची ओळख व्हायला वेळ द्यावा लागतो. ठाण्यात महापालिकेतर्फे राम मराठ्यांच्या नावाने संगीत महोत्सव होतो, कल्याण गायन समाज गायक भास्करबुवा बखले यांच्या स्मरणार्थ देवगंधर्व महोत्सव भरवतो. तिथे जाणाऱ्याने द्रुत तानांच्या वेळी पोहोचण्याऐवजी पहिल्या षड्जाआधी जागेवर बसावे आणि शेवटच्या गाडीच्या घाईने विलंबितातून उठू नये.