टॉप कोटच्या आधी

प्रिय छोटी,

फोटो मिळाला. अनामिकेवरचा मरून रंग मोठा करून पाहिला. मधोमध छान चकाकतोय, पण कडेला बारीक सुरकुत्या पडल्यात. तू विचारतेस, कुठला टॉप कोट घेऊ? कुठलाच नको. आहे तो चांगला आहे. नख गुळगुळीत होणार की नाही, हे टॉप कोट लावण्याआधीच ठरलेलं असतं.

जेल नेलपॉलिश हवेनं वाळत नाही, लॅम्पच्या प्रकाशानं घट्ट होतं. थर जाड झाला की वरचा भाग आधी धरतो, प्रकाश तळापर्यंत पोचत नाही, आणि ओल्या जेलवर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या येतात. गडद रंगात तर हमखास, कारण रंगद्रव्यच प्रकाश अडवतं. म्हणून मरूनचा पहिला हात इतका पातळ दे की खालचं नख दिसलं पाहिजे. पट्टेपट्टे दिसतील, दिसू देत. दुसऱ्या हातात रंग भरतो, काळ्याला तिसराही लागतो. प्रत्येक हातानंतर लॅम्प हवाच, आणि बाटलीवर लिहिलंय तितका वेळ.

रंग लावला की लगेच बोट आत घालायची घाई मात्र नको. जेल आपोआप सपाट होतं. मी बोट काही सेकंद उलटं धरते. जेल नखाच्या मध्यावर सरकतं, ब्रशच्या रेघा मिटतात. अंगठा वेगळा धर. चार बोटांबरोबर तो आडवा पडतो आणि एक बाजू कच्ची राहते.

नखावर हाताला दाणे लागले, तर ती बहुधा बफरची धूळ नाहीतर कापसाचे तंतू. बेस कोटआधी नख अल्कोहोलनं पूस, पण तंतू न सुटणाऱ्या कपड्यानं. बाटली खळाखळा हलवू नकोस, बुडबुडे होतात, तळव्यांत फिरव. रंगाच्या दोन हातांमधला चिकटपणा पुसायचा नाही, पुढचा थर त्यालाच धरतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. ओलं जेल कातडीला लागू देऊ नकोस. लागलंच तर लॅम्पआधी काडीनं काढ. त्यातल्या ॲक्रिलेटची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, आणि दातात भरायच्या काही मसाल्यांत त्याच जातीची द्रव्यं असतात. आणखी एक, बाटलीवरच्या घटकांत टीपीओ हे रसायन दिसलं तर ती बाजूला ठेव. युरोपीय संघानं १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली आहे.

आताचा रंग सोलून काढू नकोस, नखाचा पापुद्रा सोबत येतो आणि अशा खडबडीत नखावर पुढचा बेस कोटही नीट बसत नाही. वरची चमक फाइलनं घालव, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस फॉइलनं दहा-पंधरा मिनिटं बांधून ठेव. जेल सुटलं नाही तर खरवडायचं नाही, पुन्हा बांधायचं. नंतर तेल लाव आणि नवा रंग दुसऱ्या दिवशी.

तुझी,
ताई