चांद्याचें सागवान आणि होडीच्या तळफळ्या

चांदा व गडचिरोली या जिल्ह्यांना समुद्र नाहीं; येथून कोणताहि किनारा शेंकडों मैल दूर. असें असतांहि समुद्रांत जावयाच्या होडीसाठीं लांकूड नेण्यास कोंकणांतील मनुष्यानें इकडे यावें, यांत नवल मुळींच नाहीं. सागाइतकें पाण्याला टिकणारें लांकूड विरळा, आणि चांद्याच्या सागाचा लौकिक तर जुनाच आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं २०२३ च्या मार्च महिन्यांत सागवान गेलें तें या भागांतील बल्लारपूरहूनच. गेल्या हिंवाळ्यांत आमच्या पुतण्याच्या होडीच्या निमित्तानें हा प्रदेश पाहण्याचा योग आला; त्या प्रवासांत जें पाहिलें व ऐकिलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

पुतण्या रत्नागिरीस असतो. त्यानें तिघांना बसतां येईल अशी शिडाची लहान होडी बांधिली असून तिच्या तळफळ्या तेवढ्या व्हावयाच्या होत्या. तळफळ्या म्हणजे होडीचा तळ नव्हे, हें आधींच सांगितलें पाहिजे. अशा होडीला आंतून बरगड्यांसारखीं वांकडीं लांकडें असतात व त्यांवर बाहेरून पातळ फळ्या जडविलेल्या असतात. दोन बरगड्यांच्या मधोमध जड मनुष्याचा पाय पडला, तर सांधे हलतात व पाणी झिरपूं लागतें. म्हणून बरगड्यांवर सुट्या पट्ट्यांची जमीन अंथरतात. तीमुळें अंगाचा भार वांटला जातो, आंत आलेलें पाणी खालीं राहतें आणि बसणारांचे पाय कोरडे राहतात. गडचिरोलीच्या नद्यांतून चालणाऱ्या डोंग्याला ही यातायात लागत नाहीं. अखंड बुंधा कोरून केलेल्या त्या नावेचा तळ हीच तिची जमीन.

नागपुराहून चंद्रपूर व तेथून बल्लारपूर असा आमचा मार्ग होता. चांदा हें चंद्रपूरचें जुनें नांव. त्याच जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग २६ ऑगस्ट १९८२ रोजीं निराळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. बल्लारपूरच्या सरकारी आगारांत सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्या लांबी व घेर यांप्रमाणें लावून ठेवलेल्या असतात. प्रत्येक ओंडक्यावर क्रमांक व हातोड्याचा शिक्का. विक्री लिलावानें होते आणि परवान्यावांचून लांकूड हलवितां येत नाहीं. कापलेल्या तोंडावरून सागाची परीक्षा शिकतां येते. आंतला गाभा तांबूस पिंगट, सालीलगतचा भाग पांढरट. नैसर्गिक तेल असतें तें गाभ्यांत. त्यामुळें बुरशी व वाळवी यांस तो सहसा दाद देत नाहीं, आणि ओला-सुका होतांना फारसा फुगत वा आक्रसत नाहीं. पांढऱ्या भागांत यांतला एकहि गुण नाहीं. तो पाण्याजवळ लौकरच कुजतो.

पुतण्याच्या पत्रांत 'लांब, रुंद, अखंड फळ्या' असे शब्द होते. चंद्रपुरांतील एका वयस्क सुतारबुवांस मीं तें पत्र व कागदावर काढलेला होडीच्या पोटाचा आराखडा दाखविला. त्यांनीं तो जमिनीवर पसरला, वितीनें मोजला आणि विचारलें, "एवढ्यासाठी मोठं झाड कायले पायजे जी? चौकटीतून उरलेल्या तुकड्यातच होते तुमचं."

पुढें त्यांनीं जो हिशेब सांगितला तो लक्षांत ठेवण्यासारखा आहे. जागा पांच फूट लांब व सुमारें तीन फूट रुंद. दोन इंच रुंदीच्या पट्ट्या, दोहोंमध्यें अर्धा इंच फट. म्हणजे चौदा पट्ट्या पुरल्या. जाडी अर्धा इंच. सर्व मिळून लांकूड अर्धा घनफूटहि भरत नाहीं आणि वजन नऊ किलोंच्या आंतबाहेर. रुंद फळी ऊन-पाण्यानें पन्हळीसारखी वांकते. अरुंद पट्टी सरळ राहते. फटींतून पाणी खालीं जातें, वारा खेळतो. तात्पर्य, या कामाला लहान तुकडा नुसता चालतो असें नव्हे, तोच अधिक चांगला.

दाराच्या चौकटी काढतांना उरलेल्या तुकड्यांतून त्यांनीं निव्वळ गाभ्याचे व उभ्या रेषांचे तेवढे निवडले. पट्ट्या चिरून, रंधून, पायाला बोंचूं नयेत म्हणून सर्व कडा गोल केल्या. तीन भाग केले: मधला चार पट्ट्यांचा, बाजूचे पांच-पांचांचे. खालून आडवे ठोकळे लावून पितळी स्क्रू मारले, कारण लोखंड खाऱ्या पाण्यांत गंजतें व लांकडावर काळे डाग पाडतें. प्रत्येक भागाला बोट घालून उचलण्यापुरतें भोंक ठेविलें. आंतलें पाणी उपसावयाचें तर जमीन चटकन निघाली पाहिजे. मात्र होडी कलंडली असतां ती तरंगत जाऊं नये, म्हणून फिरत्या लांकडी खिट्याहि बसविल्या. रोगण लावूं दिलें नाहीं. ओल्या रोगणावर पाय घसरतो. उघडा साग कालांतरानें रुपेरी होतो, पण पायाला धरून ठेवतो.

हें काम चालू असतां चार दिवस हातीं होते. आष्टीजवळ वैनगंगा ओलांडून आम्ही आलापल्लीस गेलों. तेथून भामरागडच्या वाटेवर सुमारें पांच कोसांवर 'वनवैभव' म्हणून राखलेला जंगलाचा तुकडा आहे. २०१४ सालीं त्यास जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित करण्यांत आलें. क्षेत्र अवघें सहा हेक्टर. आगारांत आडवा पडलेला साग आणि येथें उभा असलेला साग यांत किती अंतर आहे तें येथें आल्यावांचून कळत नाहीं. वर पाहतां मान दुखूं लागते. असा वृक्ष एका मनुष्याच्या आयुष्यांत पुरा होत नाहीं. आजोबांनीं राखला तर नातवास पाहावयास मिळतो.

पुढें सिरोंच्यास प्राणहिता व गोदावरी यांचा संगम पाहिला. येथील पाणी समुद्राला मिळतें, पण येथली नाव तेथवर जात नाहीं. वऱ्हाडचा कापूस या नद्यांतून पूर्व किनाऱ्यास न्यावा अशी योजना इंग्रज अमदानींत सर आर्थर कॉटन यांनीं पुढें मांडिली होती. पात्रांतील खडकांनीं तीन ठिकाणीं वाट अडविली आणि पुष्कळ पैसा खर्चून १८७१ सालीं ती सोडून द्यावी लागली. समुद्रावर सागाचें नांव गाजविलें तें मुख्यतः मलबारच्या सागानें. मुंबईच्या गोदींत वाडिया कारागिरांनीं १८१७ सालीं बांधिलेलें 'त्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे. दोनशें वर्षें पाण्यावर राहूनहि जें कुजत नाहीं, त्या लांकडाच्या अर्ध्या घनफुटाचें मोल काय, हा विचार संगमावर उभें राहतांना मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

आपल्या घरांतून सागाचे पलंग, देव्हारे, झोपाळे असतात. 'अखंड फळीचा' म्हणून आपण ते कौतुकानें पाहुण्यांस दाखवितों. जुन्या वस्तू जपाव्यात हें योग्यच. परंतु नवीन वस्तु करवितांना अखंडपणाचा हट्ट धरण्यापूर्वीं ती खरोखर तशी लागते काय, एवढें सुताराला विचारावें. गृहिणी पोळीचा उरलेला उंडा टाकीत नाहीं. त्याच न्यायानें करवतीखालून निघालेला तुकडाहि टाकाऊ नव्हे. ज्याला आपण उरलेलें म्हणतों त्यांत पुष्कळ वेळां एखादें काम पुरतेपणीं भागतें, आणि तेवढा एक वृक्ष आलापल्लीकडे उभा राहतो.